शून्याचंही तिकीट निघालं पाहिजे

एसटीची भाडेवाढ झाली की आपण फक्त रुपयांवर भांडतो. 25 जानेवारी 2025 पासून साध्या गाडीचा 6 किमीचा टप्पा 8.70 वरून 10.05 रुपये झाला, हे सगळ्यांना पाठ. पण गावची फेरी टिकते की बंद पडते, ते बरंचसं कंडक्टरच्या मशीनमध्ये काय नोंदलं गेलं यावर ठरतं.

सकाळची तालुक्याची गाडी घ्या. 75 च्या वरचे आबाजी फुकट, 65 च्या वरच्यांना अर्धं, बायकांना अर्धं, बारावीपर्यंतच्या पोरींना मोफत पास, पोरांना सवलतीचा. गाडी गच्च, बॅग हलकी. आता आबाजींना "बसा ना बाप्पा" म्हणून शून्य रुपयांचं तिकीट न काढताच बसवलं, तर सरकारकडून मिळायची भरपाई बुडाली. पास नुसता बघून सोडला, तर 40 जणांच्या गाडीत मशीनला दिसतात 12. मग भारमान (जागांच्या मानाने प्रवासी) नाही म्हणून फेरी बंद, अन् पोरी फाट्यावर. पासवर क्यूआर छापा, दारातच स्कॅन करा. फाट्यावर दोन मिनिटं जास्त लागतील, लागू द्या.

दुसरं दुखणं टप्प्याचं. अर्धवट टप्पाही पूर्ण धरतात. गाव ते तालुका 13 किमी म्हणजे 3 टप्पे, पुढे जिल्हा 40 किमी म्हणजे 7. एकूण 10. थेट गाडी असती तर 53 किमीला 9 च. म्हणजे ज्याच्या गावाला थेट गाडी नाही, त्यालाच जास्त भुर्दंड! दोन तासांत पुढची गाडी धरली तर पहिलं तिकीट दाखवून उरलेले टप्पेच आकारावेत. मशीनमध्ये हे बसवणं काही अवघड नाही.

भाडं 11, 21, 31 असं येतं म्हणून चिल्लरची कटकट. त्यावर उपाय यूपीआय सांगतात. मेळघाटात, गडचिरोलीच्या जंगलात रेंज कुठे आहे? खात्यातून पैसे जातात, मशीनला होकार पोचत नाही, तिकीट निघत नाही, अन् भांडण कंडक्टरच्या गळ्यात. त्यापेक्षा नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड बरं, म्हणजे बस-मेट्रोत चालणारं, आधी पैसे भरून ठेवायचं कार्ड. शिल्लक चिपमध्येच असते, 2000 रुपयांपर्यंत, व्यवहाराला नेट लागत नाही. हिशेब रात्री आगारात जुळतो. मेट्रोसारखं उतरताना टॅप करायला मात्र लावू नका. बाजाराच्या दिवशी थैल्या सांभाळत कोण करणार? उतरायचा थांबा कंडक्टरनेच मशीनवर दाबावा.

आणि मे महिन्यात तिकिटाचा रोल इंजिनाच्या बॉनेटवर ठेवू नका. थर्मल कागद आहे तो, तापला की आपोआप काळा पडतो.