झाकणापुरतं बघा

निवडून आलात, अभिनंदन! गुलाल उतरला का अंगावरचा? ते गुलाबी पाणी मोरीच्या जाळीतून पुढं कुठं गेलं, हा प्रश्न तुम्हाला पडला नसेल. पडू देऊही नका. मुंबईत नगरसेवक म्हणून पाच वर्षं सुखानं काढायची असतील तर रस्त्यावरचं मॅनहोलचं झाकण ही आपली हद्द माना. झाकणाच्या वर आहे ते तुमचं काम, खाली आहे तो इतिहास.

हिशेब सोपा आहे. तुमची मुदत पाच वर्षांची. जुन्या शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, खालच्या कितीतरी वाहिन्या शंभरी ओलांडलेल्या. इतकी वर्षं तग धरलेली वाहिनी नेमकी तुमच्याच पाच वर्षांत बसेल कशावरून? आणि बसलीच, तर ‘ब्रिटिशकालीन होती हो’ एवढं म्हटलं की लोक आपोआप माना डोलावतात. इंग्रज गेले, पण दोष देण्याची सोय मागं ठेवून गेले. ते पुरलं नाही तर प्रशासक आहेतच. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, तेव्हापासून तुम्ही येईपर्यंत नगरसेवक म्हणून कुणीच नव्हतं, कारभार सरकारनं नेमलेल्या प्रशासकाकडं होता. ‘हे प्रशासकाच्या काळातलं’ हे वाक्य निदान दोन पावसाळे चालायला हरकत नाही.

आता उलट बाजू बघा. नवी मलवाहिनी टाकायची म्हणजे रस्ता खणायचा, पत्रे ठोकायचे, बस वळवायची. दुकानदार रोज दारात येणार, गणपती मंडळ मंडपाच्या जागेसाठी भांडणार. आणि एवढं करून काम संपल्यावर दिसणार काय? आधी होता तोच रस्ता. नारळ फोडलात, तरी पुढच्या निवडणुकीत दाखवणार काय? फक्त आता तुंबत नाही, एवढंच. न तुंबलेल्या गटारासाठी आजवर कुणी मत दिल्याचं ऐकिवात नाही.

याला इतिहासाचा आधार हवा असेल तर घ्या. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड १८६५ साली आला. शहर सुधारायला त्यानं हात सैल सोडला, करदाते खवळले, १८७१ मध्ये खर्चावरून रान उठलं आणि त्याला खुर्ची सोडावी लागली. त्या गदारोळातून १८७२ चा कायदा आला आणि करदात्यांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आले. म्हणजे तुमच्या खुर्चीचा जन्मच मुळी ‘खर्च फार झाला’ या ओरड्यातून झालेला आहे, हे विसरू नका. आज क्रॉफर्डचं नाव कशाला आहे? मंडईला. पाटी महात्मा फुल्यांची लागून किती वर्षं झाली, तरी टॅक्सीवाल्याला क्रॉफर्ड मार्केटच सांगावं लागतं. त्याच काळात या शहरासाठी गटारांची योजना आखणारा अभियंता कोण, ते सांगा पाहू. नाही ना येत? मग.

तेव्हा झाकणाच्या वर काम करा. पेव्हर ब्लॉक बसवा, दोन वर्षांनी काढून दुसऱ्या रंगाचे बसवा. ज्येष्ठ नागरिक कट्टा, कमान, ‘आय लव्ह’च्या पुढं आपल्या विभागाचं नाव लावलेली लाल अक्षरं. मध्यंतरी शहराचं सुशोभीकरण निघालं तेव्हा रस्त्यातल्या खांबांना रंगीत दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. काही खांबांच्या पायथ्याशीच मॅनहोल होतं, आणि दिव्यांच्या उजेडात त्यातून वर येणारं पाणी निळं-जांभळं दिसायचं. सौंदर्यात भरच की! (ताई असाल तर एक वेगळी सूचना: बॅनरवर यजमानांचा फोटो तुमच्यापेक्षा मोठा छापून येईल, त्याकडं दुर्लक्ष करा. गटाराच्या तक्रारी त्यांच्याच नंबरवर वळवा.)

सगळ्यात पक्कं काम म्हणजे सिमेंट काँक्रीटचा रस्ता. खालची वाहिनी तशीच ठेवायची आणि वरून जाडजूड काँक्रीट ओतायचं. एकदा रस्ता झाला की त्याचा दोषदायित्व कालावधी, म्हणजे बिघडला तर कंत्राटदारानंच नीट करून द्यायची मुदत, सुरू होतो, आणि नवा रस्ता खणायचा म्हणजे परवानगी नाही. वाहिनी आता दुरुस्तीपासून पूर्णपणे सुरक्षित! झाकण एक तर रस्त्याच्या चार बोटं खाली राहील, नाही तर चार बोटं वर. दोन्ही बाबतीत दुचाकीवाले सांभाळून चालवतात, त्याला वेगनियंत्रण म्हणा.

कधीतरी एखादा तरुण कनिष्ठ अभियंता तुम्हाला गाठून शहाणपण सांगू लागेल. त्याच्यापुढं अगदीच तोंड उघडं पडू नये म्हणून दोन गोष्टी ऐकून ठेवा आणि लगेच विसरा. जुन्या विटांच्या मलवाहिन्या अंड्याच्या आकाराच्या आहेत, निमुळतं टोक खाली. पाणी कमी असलं तरी तळाच्या अरुंद जागेत त्याला ओढ राहते आणि गाळ बसत नाही. दुसरी गोष्ट, काँक्रीटची मलवाहिनी कुजते ती तळाकडून नव्हे, छताकडून. मैला साचला की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो, छताच्या ओलीवर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि ते आम्ल वरचं काँक्रीट खात जातं. खाली पाणी वाहतंय म्हणून सगळे निश्चिंत, आणि वरून रस्त्याला धरून ठेवणारी कमानच पातळ होत जाते. मग एके दिवशी भाजीचा टेंपो पुढच्या चाकासकट आत. तो पोरगा म्हणेल, ‘साहेब, आत कॅमेरा सोडून बघू या.’ बघायचं नाही! आत कॅमेरा सोडला की चित्रफीत येते, चित्रफितीचा अहवाल होतो, अहवालावर तारीख पडते, आणि उद्या टेंपो आत गेला की कुणीतरी ती तारीख वाचून दाखवतं. पोराची बदली करा. हुशार आहे, उद्यान विभागात चमकेल.

मग तक्रारींचं काय? तक्रार ही जिरवायची नसते, फिरवायची असते. लालबागच्या चाळीतल्या एखाद्या काकू फोन करतील, ‘अहो, मोरीतून घाण वर येतेय, पोरांना अंघोळ घालू कशी?’ तुम्ही आधी शांतपणे विचारा, ‘पाणी पावसाचं की संडासाचं?’ मुंबईत नियमानं दोन वेगळ्या व्यवस्था आहेत. पावसाचं पाणी पर्जन्य जलवाहिन्यांतून, संडास-मोरीचं मलनिःसारणाच्या वाहिन्यांतून. दोहोंची खातीही वेगळी. काकू म्हणतील, वास तर दोन्हीचा येतोय. झालं! एक तक्रार दोन खात्यांकडं. इमारतीपासून पालिकेच्या मॅनहोलपर्यंतचा तुकडा मालकाचा. मालकाचा पत्ता नाही, इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी), म्हणजे म्हाडाचं दुरुस्ती मंडळ. दोन इमारतींच्या मधल्या हाऊस गल्लीत कचरा साचून चेंबर दिसतच नसेल तर घनकचरा खातं. काकूंनी १९१६ ला फोन केला की त्यांना तक्रार क्रमांक मिळेल. तो मात्र आवर्जून लिहून घ्यायला सांगा. लोकांना क्रमांक मिळाला की निम्मं काम झाल्यासारखं वाटतं.

काकूंच्या पुतण्याला हे पटलं नाही तर तो रात्री प्लंबर आणून तुंबलेली लाइन शेजारच्या पावसाळी गटाराला जोडून टाकेल. सकाळी मोरी कोरडी, काकू खूश, तक्रार बंद. मैला बिनप्रक्रिया नाल्यातून खाडीत गेला, पण खाडी मतदार यादीत नाही. तसंही फार वाईट वाटून घेऊ नका. रीतसर गोळा झालेला मैलाही कित्येक वर्षं चाळण्यांमधून जुजबी गाळून वरळी आणि वांद्र्याहून नळानं साडेतीन किलोमीटरच्या आसपास आत समुद्रात सोडला जात आलाय. आता कुठं सात ठिकाणी मोठ्या प्रक्रिया केंद्रांची कामं चालू आहेत. त्यांतलं एखादं तुमच्या हद्दीत येत असेल तर सोन्याची संधी: तिथं झाकणाच्या वर बांधकाम आहे, म्हणजे पाटी लावता येते. ते पूर्ण होईपर्यंत लोकांनी बिल भरताना काही विचारलं तर मालमत्ता कराच्या बिलाकडं बोट दाखवा. त्यात मलनिःसारण कर वेगळा आणि मलनिःसारण लाभ कर वेगळा आहे. लाभ होतो म्हणूनच तर लाभ कर!

वर्षातले अकरा महिने असे जातात. मे महिन्यात मात्र उतरावं लागतं, म्हणजे नाल्यात नव्हे, नाल्याच्या काठावर. नालेसफाईची पाहणी हा मुंबईचा वार्षिक सण आहे. पांढरे कपडे घाला, पायात बूट, डोक्याला रुमाल. पोकलेन चालू असताना एका हातानं त्याच्याकडं बोट दाखवा, दुसरा कमरेवर. ‘अजून समाधानकारक काम नाही’ असं ठणकावून सांगा. हे वाक्य कुठल्याही वर्षी, कुठल्याही नाल्यावर खोटं ठरत नाही. गाळ किती निघाला हे वजनकाट्यावर ठरतं, आणि काट्याला गाळ आणि राडारोडा यांतला फरक कळत नाही. मिठी नदीच्या गाळउपशात ६५ कोटींहून अधिक रकमेचा गैरव्यवहार झाल्याचा गुन्हा आर्थिक गुन्हे शाखेनं २०२५ मध्ये नोंदवला. त्याच वर्षी पालिकेनं कंत्राटदारांच्या चित्रफिती कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. नैसर्गिक बुद्धिमत्तेला काठावर जाऊन बघायला कुणी मनाई केली होती, असं तुम्ही विचारू नका. तुम्हाला अजून पाच वर्षं काढायची आहेत.

नालेसफाईची मुदत ३१ मे. पाऊस सहसा सभ्यपणे जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो. २०२५ मध्ये तो २६ मेलाच आला, निदान पंचाहत्तर वर्षांत इतक्या लवकर कधीच नव्हता आला, आणि नवंकोरं आचार्य अत्रे चौक मेट्रो स्थानक पाण्यात गेलं. यात पालिकेची चूक शोधणाऱ्यांना विचारा, मुदत आधी कुणी मोडली?

पाऊस सुरू झाला की तोंडी फक्त एक शब्द ठेवा: भरती. या शब्दाची ताकद अशी की तो खरा आहे. जुनी पर्जन्य व्यवस्था ताशी २५ मिलिमीटर पावसासाठी आखलेली, तीही ओहोटी धरून. समुद्र चढला की नाल्यांची तोंडं बुडतात आणि पाणी जायच्या ऐवजी यायला लागतं. त्यावर उपाय काय, हे सांगणारा ब्रिमस्टोवॅड, म्हणजे मुंबईच्या पावसाळी पाण्याच्या निचऱ्याचा, अहवाल १९९३ मध्ये तयार झाला: क्षमता ताशी ५० मिलिमीटर करा, उदंचन केंद्रं (पाणी उपसून समुद्रात टाकणारी पंपगृहं) बांधा. तो बारा वर्षं नीट जपून ठेवला. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा कुणाला तरी आठवलं की आपल्याकडं एक अहवाल आहे. मग हाजीअली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड, ब्रिटानिया, गझदरबंध अशी सहा केंद्रं झाली. ठरलेल्या आठांतली माहुल आणि मोगरा ही दोन मागं पडली, जागेसाठी. अहवाल १९९३ चा, म्हणजे तेव्हा जन्मलेल्या मुलाची मुलं आज तुमच्या विभागात शाळेला सुट्टी मिळते का बघत गुडघाभर पाण्यात उभी आहेत. बारा वर्षांत एक दिवस काम पडलं, अहवाल वाया कुठं गेला?

कधी कधी माणूस जातो. त्याचीही तयारी ठेवा. २९ ऑगस्ट २०१७ ला प्रभादेवीजवळ पाणी ओसरावं म्हणून उघडलेल्या मॅनहोलमध्ये एक नामवंत डॉक्टर वाहून गेले. मृतदेह वरळीला सापडला. त्यानंतर झाकणांखाली जाळ्या बसवायचं ठरलं. त्याआधी जाळीचा विचार कुणी मांडला असता तर त्याला विचारलं असतं, निधी कुठल्या शीर्षाखाली? झाकणं चोरीला जातात ती भंगारात विकायला, तेव्हा गर्दुल्ल्यांना दोष देता येतो. भंगार घेणारा तुमच्याच मंडळाचा देणगीदार असेल तर गर्दुल्ल्यांवरच थांबा.

आणि दुसरे जातात ते आत उतरलेले. सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवून मैला काढायला लावणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मृताच्या कुटुंबाला तीस लाख द्यायला सांगितलं. तरी सोसायटीची टाकी असते, कंत्राटदाराचा मुकादम असतो, नाक्यावर काम शोधणारा कुणीतरी असतो, आणि जेटिंगची (जोराच्या पाण्यानं गटार साफ करणारी) गाडी अरुंद गल्लीत शिरत नसते. पहिला आत बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो. तो आपला कामगार नव्हता, हे पालिका सांगेल. आपला नव्हता, हे सोसायटी सांगेल. कंत्राटदाराचा फोन बंद असेल. तुम्ही चाळीशेजारच्या झोपड्यांत त्याच्या घरी सांत्वनाला जा, पण फोटोग्राफर बाहेर ठेवा. एवढी एक गोष्ट ऐका.

बाकी तुमची पाच वर्षं सुखाची जावोत. घर वरच्या मजल्यावर घ्या, तळमजल्याच्या संडासातून पाणी उलटं येतं हे मी वेगळं सांगायला नको. जनसंपर्क कार्यालय मात्र रस्त्यालगत तळमजल्यावरच लागतं, लोकांना दिसावं म्हणून. त्याला इलाज नाही. तिथं उद्घाटनांचे फोटो लावाल तेव्हा सुताराला सांगा, खिळे कमरेच्या वर ठोक.