‘हाताला चव आहे’ म्हणणाऱ्यांनो

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मावशीकडे मांडे होते. अमळनेरजवळचं गाव, डोक्यावर खानदेशी ऊन, पंगत ओसरीत. एका पाहुण्यांनी मांड्याचा पापुद्रा बोटाने उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "काही म्हणा, ताईंच्या हाताला चव आहे. देवाची देणगीच!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशी मागच्या अंगणात खापरासमोर घामाने डबडबलेली. तिने ऐकलं की नाही, देव जाणे. मला मात्र ते वाक्य तेव्हापासून कुसळासारखं टोचतंय, म्हणून ही लांबण.

ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. बेळगावचे मांडे वेगळे, ते साखरेचे आणि कुरकुरीत. आमच्याकडे मांडा म्हणजे पुरणाचीच पोळी, पण पोळपाटावर न मावणारी. पुरण भरलेला गोळा जरासा लाटायचा, मग दोन्ही हातांवर घेऊन झुलवत, फिरवत वाढवायचा. तळहातावरून मनगटावर, मनगटावरून पार कोपरापर्यंत. पुरेसा पसरला की चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर एका झटक्यात टाकायचा. सुरकुती पडली की पडली. तिथे दुरुस्ती नाही.

आणि हे झालं शेवटचं अर्धं मिनिट. त्याआधी गहू ओलवून रात्रभर फडक्यात बांधून ठेवायचे, दळायचे, पीठ पातळ कापडातून गाळायचं. मिठाच्या पाण्यात भिजवून इतकं तिंबायचं, आपटायचं की ओढल्यावर तार सुटली पाहिजे. मावशी बाजारात गव्हाचा दाणा दाताखाली धरून चावते आणि दुकानदाराच्या तोंडावर सांगते, "ह्याला चिक नाही." जाळाचंही तसंच. कपाशीच्या पऱ्हाट्या भडकन पेटतात नि विझतात, बाभळीचं लाकूड दमाने तापतं. कधी कुठलं सारायचं ते ती खापरावर पाण्याचा शिपका मारून, नुसत्या आवाजावरून ठरवते.

मुक्ताईची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय. विसोबांनी गावात खापर मिळू दिलं नाही, मग ज्ञानदेवांनी पाठ तापवली आणि तिने त्यावर मांडे भाजले. आपण त्या पाठीच्या चमत्कारापाशी थांबतो. मावशीची शंका वेगळीच होती : "एवढीशी पोर, तिले पीठ मळाले कोनी शिकाडं?"

मावशीला सासूने शिकवलं. म्हणजे पहिली चार वर्षं काहीच शिकवलं नाही, पाट्यावर पुरण वाटायला बसवलं. मग पीठ. खापराजवळ बसायला मिळालं तेव्हा पहिलाच मांडा मधोमध फाटला, पुरण जळून घरभर धूर झाला आणि सासू दोन दिवस बोलली नाही. आज मावशी चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने डाग आहेत, काही एकमेकांवर चढलेले. ती देवाची देणगी असेल तर देवाने चटके देऊन दिली म्हणायची.

यंदा मी हट्टाने शिकायला बसले. सात मांडे फाडले. पहिल्याला भोक पडलं कारण मी अंगठी काढली नव्हती. बाकीचे सहा का फाटले ते मला अजून कळलेलं नाही. विचारलं तर म्हणाली, "हातले समजस, डोकाले नही." चिडले होते, पण ती टाळत नव्हती. तिच्याकडे खरंच दुसरं उत्तर नव्हतं.

तोक्योत एका भुयारी स्टेशनात जेमतेम दहा खुर्च्यांचं दुकान थाटून जन्मभर सुशी करणारे जिरो ओनो आपल्याला ठाऊक असतात. 1925 सालचा जन्म त्यांचा. त्यांची साधना, त्यांची शिस्त, सगळं आपण कौतुकाने शेअर करतो, मीही केलंय. त्यांना कुणी ‘हाताला चव आहे हो’ म्हणून उडवून लावत नाही. फरक इतकाच की तिथे खुर्चीचे पैसे मोजावे लागतात. इथे मावशीला ऑर्डर देणारे फोनवर विचारतात, "एका पोळीचे एवढे?" तासभर जाळासमोर बसून वीस-बावीस मांडे होतात. करा हिशेब.

‘ही कला लोप पावतेय’ म्हणून गळा काढणाऱ्यांतली मी नाही, हेही सांगून टाकते. मावशीच्या सुनेला नोकरी आहे. तिने चार वर्षं पुरण का वाटत बसावं? सासवांच्या त्या पद्धतीत शिकवणं कमी आणि जाच जास्त होता, हे मावशीही कबूल करते. तिने स्वतः सुनेला कधी खापराजवळ बसवलं नाही. पण मग तिला स्वतःला एवढं काय लागलंय त्या खापराचं? गुडघे धरलेत, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मुलं म्हणतात विकत आणू. तरी आखाजी आली की कुंभाराकडे जाऊन खापरं टिचकी मारून बघत बसते.

रात्री भांडी आवरताना विचारलंच. बराच वेळ राख चोळत राहिली. मग म्हणाली, मांडा हातातून सुटतो ना, तेवढं आवडतं. खायला तिला फारसा आवडतही नाही म्हणे.

पंगती उठल्यावर तिच्यासाठी एक मांडा झाकून ठेवला होता. तिने तो उलगडला, कडेवरून बोट फिरवलं, एक तुकडा मोडून तोंडात टाकला आणि उरलेला माझ्याकडे सरकवला.

"आज काठ जाड ऱ्हायी गया."