पोकलेन जागेवर थांबलं म्हणजे मेन पंपच बसला?

सध्या एक मेसेज जो तो पुढे ढकलतोय: ‘पोकलेन चालता चालता थांबलं, इंजिन सुरू पण मशीन हलेना, तर मेन पंप बसला समजा. आधी जाड ऑइल भरा, रिलीफ व्हॉल्व्ह दोन आटे आवळा. तरी नाही हललं तर दुसऱ्या मशीनने ओढून बाजूला घ्या.’ यातलं एकही काम मी माझ्यासमोर होऊ देणार नाही. (मेन पंप सगळ्या मशीनला दाबाचं ऑइल पुरवतो; रिलीफ व्हॉल्व्ह दाब हद्दीबाहेर गेला की ऑइल सोडून देतो.)

‘पंप बसला समजा.’ का समजायचं? पंप सहसा सांगून जातो. गरम झाल्यावर मशीन ढिलं पडतं, आवाज बदलतो, फिल्टर उघडला की पितळी चुरा चमकतो. एका क्षणात तुटू शकतं ते इंजिन आणि पंपामधलं कपलिंग, पण मग बूमही, म्हणजे मशीनचा मोठा हातही, उचलत नाही.

म्हणून आधी बघायचं, बाकी काय चालतंय. बूम, बकेट, स्विंग (वरचा भाग फिरणं) सगळंच एकदम मेलं तर पायलट लाइन तपासा. लिव्हर हलवल्यावर मेन स्पूल, म्हणजे ऑइलची वाट उघडणारा व्हॉल्व्हमधला दांडा, सरकवतं ते पायलटचं ऑइल, साधारण ३५ ते ४० बार दाबाचं. सेफ्टी लिव्हर लॉकला गेला की सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) ते तोडतो. फ्यूज उडाला किंवा लिव्हरखालचा स्विच अडकला, तरी परिणाम तोच. एकदा आम्ही दोघं अर्धा दिवस पंपाभोवती घिरट्या घालत होतो. शेवटी सीटशेजारच्या कन्सोलचं झाकण काढलं. लिव्हर वर-खाली होताना बिजागरीत घासून वायर सोलली होती, तांब्याचा एक धागा तेवढा उरलेला. टेप आणि जोड, पाच मिनिटांत मशीन चालू. पंप तोवर अर्धा सोडवून झाला होता, ते वेगळं.

बूम-स्विंग ठणठणीत आणि फक्त दोन्ही चेन (मशीन चालतं ते पट्टे) गप्प? ज्या पंपांवर बूम उचलतोय, त्यांच्यावरच चेनही चालतात. तेव्हा सेंटर जॉइंटचे (फिरत्या वरच्या भागातून खाली ऑइल नेणारा जोड) सील आणि ट्रॅव्हल पेडलची पायलट लाइन बघा. एकच चेन अडली असेल तर आधी खाली वाका, स्प्रॉकेटमध्ये (चेन ओढणारं दातेरी चाक) दगड नाही ना? हसू नका, असतो. नसेल तर बकेट जमिनीला टेकवून, इंजिन बंद करून, प्रेशर सोडून सेंटर जॉइंटखालचे डाव्या-उजव्या ट्रॅव्हल मोटरचे (चेन फिरवणाऱ्या) होस अदलाबदल करा. बिघाड दुसऱ्या बाजूला गेला तर दोष वर आहे. जागेवरच राहिला तर मोटर, तिचा ब्रेक किंवा फायनल ड्राइव्ह (मोटर आणि स्प्रॉकेटमधला गिअरबॉक्स).

जाड ऑइलबद्दल थोडक्यात: लेव्हल कमी असेल तर त्याच ग्रेडचं भरा. जाड ऑइल थंडीत पंपाला ओढता येत नाही, आणि मग तो खरंच जातो.

रिलीफचं तर विचारूच नका. वीस टनी मशीनचं मेन प्रेशर बहुतेक ३५० बारच्या आसपास असतं. गेज न लावता आवळणं म्हणजे होस फुटायची वाट बघणं. रिलीफ उघडा अडकला असेल, तर तो खोलून साफ करायचा.

आणि ओढणं. ट्रॅव्हल मोटरचा ब्रेक स्प्रिंगने लागतो, ऑइलच्या दाबाने सुटतो. दाब नाही म्हणजे ब्रेक लागलेलाच. तसंच ओढलं तर चेन घासत येते किंवा ब्रेकच्या प्लेटा जळतात. ओढायचंच असेल तर मॅन्युअलप्रमाणे फायनल ड्राइव्ह मोकळा करा. पण त्याआधी चेनला लाकडी ठोकळे लावा, कारण तो मोकळा झाला की उतारावर मशीनला धरून ठेवणारं दुसरं काहीच उरत नाही.