डिस्ट्रिब्युटरच्या स्क्रूला लॉकटाइट : उद्यमनगरच्या काकांना उत्तर

काका, तुम्ही वेळ काढून एवढं सविस्तर लिहिलंत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. जुन्या पेट्रोल गाड्यांच्या डिस्ट्रिब्युटरमधल्या (प्रत्येक सिलेंडरच्या प्लगला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग) काही बारीक स्क्रूंना लॉकटाइट (आटे जागेवर धरणारा द्रव गोंद) लावावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की उद्यमनगरात उभी हयात फियाट आणि ॲम्बॅसिडरच्या इंजिनांत गेली, पण स्प्रिंग वॉशर आणि फार तर नेलपॉलिशचा एक ठिपका, यापलीकडे कुणी काही लावलं नाही. लॉकटाइटमुळे पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट जोडून तोडणारा स्विच) गॅप पुन्हा लावता येत नाही, स्क्रूचं डोकं झिजतं, पॉइंटवरची ठिणगी शोषणाऱ्या कंडेन्सरची अर्थिंग जाते. तुम्ही स्वतः लावून पाहिलंत तर दुसऱ्या दिवशीही ते ओलंच होतं. आणि तुमच्याकडे आलेल्या एका गाडीत कुणीतरी लाल लॉकटाइट लावून ठेवलंय, तो स्क्रू कसा काढायचा ते आता तूच सांग. शेवटी लिहिलंय, असले सल्ले वाचून पोरं चांगल्या गाड्या बिघडवतात.

हे शेवटचं वाक्य मला लागलं, कारण तसं खरंच घडतं. अर्धवट वाचून कुणी डिस्ट्रिब्युटर उघडला आणि दिसेल त्या स्क्रूवर बाटली दाबली, तर गाडी बिघडणारच. म्हणून एकेक स्क्रू वेगळा धरून बोलू.

सुरुवात पॉइंटच्या स्क्रूपासून. तिथे तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि माझंही मत तेच आहे. सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंटची स्थिर बाजू ज्या स्क्रूने बेस प्लेटवर आवळतो, त्याला लॉकटाइट लावायचं नाही. निळं नाही, जांभळंही नाही. पॉइंटची टाच कॅमवर (फिरत्या शाफ्टवरच्या उंचवट्यांवर) घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉइंट उशिरा उघडतात आणि टायमिंग रिटार्ड होतं, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. करूळ घाटातून गगनबावड्याकडे भरल्या गाडीने चढताना ओढ कमी पडते, इंजिन तापतं, आणि चालवणारा पेट्रोलला दोष देत बसतो. हा गॅप अधूनमधून लावावाच लागतो, म्हणून तो स्क्रू हाताला मोकळा राहिला पाहिजे. पॉइंटवर काम करताना तो पुनःपुन्हा सैल करायचा, प्लेट केसभर सरकवायची, फिलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) घालून बघायची आणि आवळायचा. सुकलेलं लॉकटाइट फोडत हे करायला गेलं तर त्याची भुकटी आत पडते, आणि ती पॉइंटच्या तोंडात गेली की स्पार्क गेलाच. डिस्ट्रिब्युटर इंजिनवर घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पच्या बोल्टलाही हेच लागू. टायमिंग लावायचं म्हणजे तो सुटायलाच हवा.

स्प्रिंग वॉशर मात्र इथे हवाच, पण तुम्ही सांगता त्यापेक्षा वेगळ्या कारणासाठी. स्क्रू अर्धवट आवळलेला असताना वॉशर प्लेटवर हलका दाब ठेवतो, त्यामुळे लावलेला गॅप पूर्ण आवळेपर्यंत सरकत नाही. हे काम तो झकास करतो. कंपनाने स्क्रू सुटू न देण्याचं काम मात्र त्याला जमत नाही. पुरता आवळल्यावर तो चपटा होतो आणि साध्या वॉशरसारखाच वागतो. नासाच्या १९९० सालच्या फास्टनरविषयीच्या मॅन्युअलमध्ये या प्रकारचा वॉशर लॉकिंगसाठी निरुपयोगी आहे, असं सरळ म्हटलंय. त्याआधी १९६९ मध्ये गेरहार्ड युंकर या जर्मन इंजिनिअरने दाखवून दिलं होतं, की जोडलेले दोन भाग आडवे सरकायला लागले की आट्यांमधलं घर्षण हरतं आणि स्क्रू आपोआप फिरून सुटतो.

डिस्ट्रिब्युटरमध्ये हादरे किती बसतात ते बघा. पद्मिनीचं १०८९ सीसीचं चार सिलेंडरचं इंजिन ३००० आरपीएमवर चाललंय असं धरा. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट त्याच्या निम्म्याने, म्हणजे १५०० ने फिरतो. कॅमला चार उंचवटे. म्हणजे पॉइंट मिनिटाला ६००० वेळा, सेकंदाला शंभर वेळा उघडून मिटतात. प्रत्येक वेळी स्प्रिंगचा फटका त्याच बेस प्लेटला बसतो, आणि इंजिनाचा स्वतःचा हादरा वेगळाच. ज्या प्लेटला हे दिवसभर सोसायचंय, ती धरणारे स्क्रू पेन्सिलच्या शिसापेक्षा थोडेच जाड असतात.

म्हणून माझा आग्रह आहे तो दोन सर्व्हिसिंगच्या मधे ज्यांना आपण हात लावत नाही अशा स्क्रूंसाठी. बेस प्लेट बॉडीला धरणारे स्क्रू. व्हॅक्यूम ॲडव्हान्सच्या (इंजिनच्या ओढीने ठिणगी आधी आणणाऱ्या) डबीचे स्क्रू. नंतरच्या इलेक्ट्रॉनिक डिस्ट्रिब्युटरमध्ये पिकअप कॉइल धरणारे. यांतला एखादा सैल झाला तर ते बाहेरून कळत नाही. प्लेट डुलायला लागते, गॅप क्षणाक्षणाला बदलतो, आणि स्ट्रोब लाइट (टायमिंग बघायची लुकलुकणारी लाइट) मारली की टायमिंगची खूण जागेवर न थांबता थरथरते. मिस्त्री नवे पॉइंट घालतो, नवा कंडेन्सर घालतो, प्लग बदलतो आणि खूण थरथरतच राहते. स्क्रू पूर्ण सुटून खाली पडला तर आणखी वाईट, कारण बेस प्लेटच्या खाली सेंट्रिफ्युगल ॲडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी आधी आणणारी) वजनं आणि त्यांच्या नाजूक स्प्रिंगा असतात. तिथे स्क्रू अडकला की ॲडव्हान्स जाम.

आमच्या गल्लीतल्या एका पद्मिनीचं असंच झालं होतं. चढाला गाडी मिस मारायची, सपाटीला ठीक. एका गॅरेजमध्ये कार्ब्युरेटर दोनदा उघडून झाला होता. कॅप काढून इग्निशन चालू ठेवलं आणि पॉइंट हाताने उघडले, तर त्यांच्या तोंडात ठसठशीत निळी ठिणगी. कंडेन्सर नवाच होता, पण त्याचा स्क्रू बोटाने फिरत होता. कंडेन्सरला अर्थ मिळते ती त्याच्या पट्टीतून, आणि पट्टी त्या स्क्रूने आवळलेली असते. स्क्रू सैल म्हणजे कंडेन्सर असून नसल्यासारखा.

आता तुमचा अर्थिंगचा मुद्दा. हा तुमच्या प्रतिक्रियेतला सगळ्यात मोलाचा मुद्दा आहे. सुकलेलं लॉकटाइट वीज वाहून नेत नाही, हे खरं. पण कंडेन्सरची अर्थ आट्यांवर अवलंबून नसते. पट्टी बेस प्लेटवर धातूला धातू चिकटून दाबली जाते, करंट तिथून जातो. तो जोड कोरडा आणि चकचकीत पाहिजे. लॉकटाइट पट्टीखाली किंवा स्क्रूच्या डोक्याखाली पसरलं तर मात्र तुमची भीती खरी ठरेल. म्हणून कंडेन्सरच्या स्क्रूला मी ते लावतच नाही. तो पॉइंटबरोबर बदलायचा भाग आहे. पट्टीखालची जागा पॉलिश पेपरने घासायची, स्क्रू नीट आवळायचा आणि दर वेळी कॅप काढली की तपासायचा. बेस प्लेटच्या ज्या स्क्रूखाली अर्थिंगच्या बारीक वायरचं टर्मिनल असतं, त्याला लावायचं ते फक्त टोकाच्या दोन आट्यांना. टर्मिनल आणि डोकं कोरडं. नंतर मल्टीमीटर लावून बेस प्लेट आणि इंजिनच्या ब्लॉकमधला रोध बघायचा. शून्याच्या जवळ आला तर प्रश्नच मिटला.

दुसऱ्या दिवशीही ओलं होतं, असं तुम्ही लिहिलंत. बाहेर दिसणारं लॉकटाइट ओलंच राहतं, ते बिघडलेलं नसतं. हे द्रव्य हवा तुटल्यावर आणि धातूचा स्पर्श मिळाल्यावर घट्ट होतं. अमेरिकेतल्या हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी १९५३ च्या सुमारास ते तयार केलं. तेव्हाची मुख्य अडचण बाटलीतच ते गोठण्याची होती, म्हणून आजही बाटली हवा आत झिरपू देणाऱ्या प्लॅस्टिकची असते आणि पूर्ण भरलेली नसते. आट्यांच्या आत हवा नसते, तिथे ते पकडतं. आट्यांबाहेर सांडलेलं तसंच राहतं, आणि ते पुसून घ्यावंच लागतं, नाहीतर फिरत्या कॅमवर जाऊन पॉइंटपर्यंत उडतं.

आतही ओलं राहिलं असेल तर धातू बघा. पितळ आणि साध्या लोखंडावर ते लवकर घट्ट होतं. झिंक प्लेटिंगचा स्क्रू आणि ॲल्युमिनियमची बॉडी, ही जोडी मंद. बहुतेक डिस्ट्रिब्युटरची बॉडी ॲल्युमिनियमचीच असते. त्यात आट्यांना तेल राहिलं असेल तर आणखी उशीर. स्क्रू आणि भोक दोन्ही पेट्रोलने किंवा थिनरने धुऊन कोरडे करा, पूर्ण दिवस जाऊ द्या, मग गाडी चालू करा.

बाटली विकत घेताना नुसता रंग सांगू नका, नंबर सांगा. बारीक स्क्रूंसाठी २२२, ते जांभळं. साध्या स्क्रू ड्रायव्हरने सुटतं, डोकं झिजत नाही. निळं २४३ हे एम-६ (सहा मिलिमीटर) आणि त्यापुढच्या बोल्टसाठी. चार मिलिमीटरच्या स्क्रूला ते अनेकदा जास्त होतं, आणि तुम्ही पाहिलेली झिजलेली डोकी बहुधा तिथूनच आलेली. हिरव्यात फसगत होते. २९० हिरवं असतं आणि २७० सुद्धा हिरवंच, पण २७० पक्क्या पकडीचं आहे आणि २९० आधीच आवळलेल्या आट्यांत स्वतःहून शिरतं.

हे २९० डिस्ट्रिब्युटरच्या जवळपासही आणू नये. व्हॅक्यूम ॲडव्हान्ससाठी बेस प्लेटचे दोन थर एकमेकांवर सरकावे लागतात. त्या दोन थरांमधे हवा नाही, दोन्ही बाजूंना धातू, आणि फट केसाएवढी. म्हणजे लॉकटाइटला घट्ट व्हायला हवी तशी जागा. पातळ द्रव तिथे ओढला गेला तर ॲडव्हान्स कायमचा चिकटतो. तुमच्या प्रतिक्रियेत ही भीती नाही, पण तुम्ही घेतलेल्या सगळ्या शंकांपेक्षा मला हिचीच जास्त काळजी वाटते. म्हणून बाटलीचं तोंड कधीच डिस्ट्रिब्युटरवर धरायचं नाही. स्क्रू बाहेर हातात घ्यायचा, टूथपिकने टोकाच्या दोन-तीन आट्यांना ओल लावायची, जास्तीची फडक्याने टिपायची, मग बसवायचा.

फेविक्विकबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण पोरं ते वापरतात म्हणून लिहितो. ते सुकताना वाफ सोडतं आणि आजूबाजूला पांढरी पुटं बसवतं. बंद कॅपखाली ती पॉइंटवर बसली तर गाडी चालू होणार नाही. शिवाय ते ठिसूळ असतं, हादऱ्याने तडकतं.

नेलपॉलिश मात्र चालू ठेवा. पॉइंटच्या स्क्रूचा गॅप लावून झाला की डोक्यावर आणि प्लेटवर मिळून एक रेघ मारायची. स्क्रू हलला तर रेघ तुटलेली दिसते. सैल होणं ते थांबवत नाही, पण कॅप काढताक्षणी दाखवतं. या कामासाठी दुसरं काही त्याहून सोपं नाही.

आता तो लाल लॉकटाइटचा स्क्रू. लालला सोडवायला साधारण २५० अंश लागतात, आणि एवढी उष्णता कॅप, रोटर किंवा कंडेन्सरला सोसत नाही. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर इंजिनवर असताना गॅसची टॉर्च अजिबात मारू नका. टायमिंगची आणि रोटरच्या दिशेची खूण करून डिस्ट्रिब्युटर काढून बाकावर घ्या. कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर, व्हॅक्यूमची डबी, जे निघेल ते सगळं बाजूला करा. जाड टोकाची सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर दाबून दोन-तीन मिनिटं धरा. ॲल्युमिनियम उष्णता खेचून घेतं, म्हणून घाई करू नका. मग गरम असतानाच, खाचेत पूर्ण भरणाऱ्या रुंदीच्या स्क्रू ड्रायव्हरने एकदाच ठाम फिरवा. थंड झाला की पुन्हा तापवायचा, जोर वाढवायचा नाही. निघाल्यावर आट्यांतली पापुद्र्यासारखी लाल खपली टॅप (आटे पाडायचं हत्यार) हाताने फिरवून काढा, बॉडी उलटी धरून भुकटी झटका, आणि बुशमध्ये तेलाचा एक थेंब टाकून शाफ्ट मोकळा फिरतोय ना ते बघूनच डिस्ट्रिब्युटर परत बसवा.