बाळाच्या डॉक्टरांना कोण पैसे देतं?

औषध कंपन्या आणि डॉक्टरांचा विषय निघाला की भारतातला कुणीतरी मित्र हमखास म्हणतो, "तुमच्या अमेरिकेत असलं चालत नसेल." चालतं. मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलमधून निघताना आमच्या हातात एक पिशवी ठेवली गेली. आत पावडरच्या दुधाचा डबा आणि कंपनीची कुपनं. बायकोला अजून पुरेसं दूध येत नव्हतं, दोघंही घाबरलेलो. त्या रात्री आम्हाला तो डबा म्हणजे डॉक्टरांचाच सल्ला वाटला.

भारतात अशी पिशवी देणं बेकायदा आहे. 1992चा कायदा, 2003च्या दुरुस्तीसह, दुधाच्या डब्यांचे फुकट नमुने, डॉक्टरांना भेटवस्तू आणि त्यांच्या परिषदांना कंपन्यांचा पैसा हे सगळंच बंद करतो. ब्रिटनमधल्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने या कंपन्यांचा पैसा नाकारला तो 2019 मध्ये. आणि 1981 साली जागतिक आरोग्य संघटनेत या दुधाच्या विक्रीची संहिता मांडली गेली तेव्हा विरोधात एकच मत पडलं होतं, अमेरिकेचं. या बाबतीत इथून शिकण्यासारखं काही नाही.

शिकावी ती कंपन्यांनी डॉक्टरांना दिलेल्या पैशांची इथली नोंद. हार्वर्डचे बालमनोविकारतज्ज्ञ जोसेफ बीडरमन यांनी 2000 ते 2007 या काळात कंपन्यांकडून किमान 16 लाख डॉलर घेतले आणि त्यातला बराचसा भाग विद्यापीठाला सांगितलाच नाही, हे 2008 मध्ये सिनेटर चार्ल्स ग्रासली यांच्या चौकशीत उघड झालं. लहान मुलांना मनोविकारावरची जबर औषधं देण्याबाबत त्यांच्या शब्दाला मोठं वजन होतं. 2010 मध्ये कायदा आला. आता कंपनीने डॉक्टरला दिलेलं जेवण, प्रवास, मानधन सरकारी संकेतस्थळावर नावानिशी दिसतं.

भारतात औषध कंपन्यांसाठीच्या 2024च्या संहितेने डॉक्टरांना भेटवस्तू आणि सहली देणं बंद केलं, पण ती कायदा नाही आणि तक्रार ऐकते ती कंपन्यांच्याच संघटनेची समिती. डॉक्टरांसाठीची 2023ची नियमावली तर तीन आठवड्यांत स्थगित झाली. कोणत्या डॉक्टरला काय मिळालं, हे आईबापांना पाहायची सोयच नाही. मोठा रुग्ण निदान स्वतःसाठी प्रश्न विचारू शकतो. तान्ह्या बाळाचं सगळं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर चालतं, आणि पहिल्यांदा लिहिलेला ब्रँड घरात वर्षभर राहतो.

मुलीच्या डॉक्टरांचं नाव मी शोधलं. एका लस कंपनीची दोन जेवणं. पुढच्या भेटीत सरळ विचारलं. ते रागावले नाहीत. दवाखान्यातल्या सगळ्यांसाठी जेवण आलं होतं, म्हणाले, आणि तीच लस का देतात तेही समजावलं. मला पटलं. माझ्या बहिणीचं बाळ भारतात आहे. तिला तिच्या डॉक्टरांना हे विचारायचं झालं, तर हातात काय घेऊन विचारणार?