जी सो-युन नेरुळला खेळून गेली

6 फेब्रुवारी 2022. सकाळी लतादीदी गेल्या. दुपारपासून अख्खी मुंबई एकतर पेडर रोड ते शिवाजी पार्कच्या रस्त्यावर होती, नाहीतर टीव्हीसमोर. त्याच संध्याकाळी खाडीपलीकडे, नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिलांच्या फुटबॉल आशिया चषकाची फायनल चालू होती. चीन विरुद्ध दक्षिण कोरिया. त्या दिवशी तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही याबद्दल मी कुणालाच बोल लावणार नाही. पण त्यानंतर इतकी वर्षं झाली, आमच्या ग्रुपमधल्या रात्री दीड-दीड वाजेपर्यंत चॅम्पियन्स लीग बघणाऱ्या पोरांना ही फायनल आपल्याकडे झाली होती हे अजून माहीत नाही, त्याचं काय करायचं?

मॅच जबरदस्त झाली. हाफटाइमला कोरिया 2-0 पुढे होती, मग चीनने तीन गोल मारले, तिसरा तर इंज्युरी टाइममध्ये. चीन जिंकली. मला मात्र लिहायचंय कोरियाचा दुसरा गोल पेनल्टीवर मारणाऱ्या बाईबद्दल. जी सो-युन. मिडफिल्डर, म्हणजे मैदानाच्या मध्यावरून खेळ चालवणारी, उंची जेमतेम सव्वापाच फूट. त्याच स्पर्धेत आठवडाभर आधी तिने पुण्याला बालेवाडीत शेवटच्या काही मिनिटांत लांबून गोल मारून ऑस्ट्रेलियाला घरी पाठवलं होतं. स्टार स्ट्रायकर सॅम करची ऑस्ट्रेलिया, बरं का.

तिची कारकीर्द बघा. 2006 मध्ये, पंधराव्या वर्षी देशाच्या सीनियर संघात. 2010 च्या वीस वर्षांखालच्या विश्वचषकात आठ गोल, कोरिया तिसरी. मग जपानमध्ये कोबेच्या क्लबात. तिथे मिडफिल्डमध्ये तिच्या सोबतीला होमारे सावा, म्हणजे 2011 च्या विश्वचषकातली सर्वोत्तम खेळाडू. रोज सरावाला असं माणूस शेजारी असणं म्हणजे काय, ते क्लासिकल शिकणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. 2014 मध्ये लंडनचा चेल्सी क्लब. 2015 मध्ये महिलांची एफए कप फायनल पहिल्यांदा वेम्बलीवर झाली, त्यातला एकमेव गोल तिचा. चेल्सीत ती आठ वर्षं राहिली, कोच तीच, एमा हेज. चेल्सीसाठी सगळ्या स्पर्धा धरून दोनशेहून जास्त सामने. आणि 2021 मध्ये तिने कोरियाच्या पुरुष संघाचे जुने स्ट्रायकर चा बुम-कुन यांचा 58 गोलांचा विक्रम मागे टाकला. कोरियात पुरुष-महिला धरून देशासाठी सगळ्यात जास्त गोल कुणाचे, तर एका मिडफिल्डर बाईचे.

यातलं मला सगळ्यात महत्त्वाचं काय वाटतं? गोल नाही. दोनशे सामने.

स्ट्रायकर एखाद्या स्पर्धेत उठून दिसतो. चार मॅच, सहा गोल, पेपरात फोटो. मिडफिल्डर तसा घडत नाही. बॉल यायच्या आधी मान वळवून मागे कोण आहे ते बघणं, आपला बचावपटू दमलाय म्हणून खेळ मुद्दाम संथ करणं, कुठला पास द्यायचा नाही हे कळणं, हे सगळं एकाच संघाबरोबर दर आठवड्याला खेळून, हरून, पुन्हा खेळून येतं. त्याला सीझन लागतो. एक नाही, अनेक.

आता आपल्याकडे या. इंडियन विमेन्स लीग 2016-17 मध्ये सुरू झाली, पण बरीच वर्षं ती लीग नव्हतीच, शिबिर होतं. सगळे संघ एका शहरात गोळा करायचे, महिना-दीड महिन्यात सामने उरकायचे आणि मुली घरी. 2023 मध्ये अहमदाबादला असेच सोळा संघ गोळा केले होते. दर दोन-तीन दिवसांनी मॅच असेल तर कुठला कोच मिडफिल्डमधून खेळ बांधत बसेल? तो सांगतो, मागून उचल, पुढे टाक. घरच्या आणि बाहेरच्या मैदानावरची खरी लीग 2023-24 पासून सुरू झाली, तीही सात संघांची.

2024-25 पर्यंत ती लीग जिंकलेल्या संघांची गावं मोजा: इम्फाळ, कटक, मदुराई, कोझिकोड, भुवनेश्वर, कोलकाता. मुंबई नाही. केंकरेसारखे इथले संघ त्या लीगमध्ये खेळले, पण ते आपल्या जिवावर. ज्या शहरात फुटबॉलच्या नावावर एवढा पैसा फिरतो, त्या शहराबद्दल मी बोलतेय.

माझी भाची अकरावीत आहे, लालबागला राहते. ती मनापासून सेंटर मिड, म्हणजे मधली मिडफिल्डर. शाळेच्या स्पर्धांत तिला कायम विंगला, म्हणजे मैदानाच्या कडेला उभी करायचे, कारण "पळते ना जोरात!" आता ती टर्फवर, म्हणजे जाळीने वेढलेल्या छोट्या मैदानावर खेळते, सेव्हन-अ-साइड, मुलींना मिळेल त्या उरल्यासुरल्या स्लॉटला. टर्फने पाय हलके होतात, अडचणीत बॉल सांभाळता येतो, हे मान्य. पण पलीकडची बाजू रिकामी आहे हे ओळखून चाळीस यार्डांचा बॉल फिरवायला टर्फवर तेवढी जागा तरी कुठे असते? बॉल जाळीला आपटून परत येतो. मोठं मैदान तिला मिळतं ते स्पर्धेत. म्हणजे अभ्यास एका वहीत, परीक्षा भलत्याच विषयाची.

तिच्या आईचं म्हणणं वेगळं आहे आणि ते मला खोडता येत नाही. ताई म्हणते, "खेळू दे की, पण पुढे काय?" भारताची मिडफिल्डर इंदुमती कदिरेसन तमिळनाडू पोलिसांत सब-इन्स्पेक्टर आहे. आपल्याकडे कारकीर्द म्हणजे पोलीस, रेल्वे, निमलष्करी दल, आणि उरलेल्या वेळात देशासाठी फुटबॉल. यात कमीपणा अजिबात नाही. पण जी सो-युनला ड्युटी सांभाळून मिडफिल्ड शिकावं लागलं नाही, आणि मैदानात तो फरक दिसतो.

तरीही बघा, 5 जुलै 2025 ला चियांग माईत थायलंडला 2-1 हरवून भारत 2026 च्या आशिया चषकाला पात्र ठरला, तेव्हा दोन्ही गोल संगीता बासफोरचे होते. मिडफिल्डरच. आणि 2022 मध्ये आपल्याच अंगणात काय झालं होतं? इराणशी 0-0, मग संघात कोविड शिरला, चायनीज तैपेईविरुद्ध संघच उभा राहू शकला नाही आणि स्पर्धा संपली. त्या मुलींबद्दल तेव्हा कुणी हळहळलेलंही मला आठवत नाही.

"लोक बघायला येत नाहीत" हे उत्तर मला कृपया देऊ नका. सामना कधी आणि कुठे हे आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर कळणार असेल, तर कोण येणार? कुपरेज असो की वांद्र्याचं नेव्हिल डिसोझा मैदान, महिलांच्या सामन्यांचं महिनाभराचं वेळापत्रक कुणाकडे असेल तर इथे खाली टाका. रविवारचं असेल तर फारच बरं, भाचीला क्लास नसतो.