चार दिवसांआड कमळ

सोलापुरात कमळ लावायचं तर ऊन फुकट आहे. कमळाला दिवसाला किमान सहा तास थेट ऊन लागतं. आपण दहा देतो, आणि शेजारच्या पत्र्यावरून उडून येणारं वेगळं. माती चिकण हवी; ती पावसाळ्यात चपलेला लागून न बोलावता घरात येते. घोडं अडतं ते एकाच ठिकाणी. कमळ येतं पाण्यात, आणि पाणी येतं चार दिवसांआड. म्हणून माझं ठाम मत आहे की या शहरात कमळ हा विषय बागकामात मोडत नाही, पाणीपुरवठ्यात मोडतो.

आधी हिशेब मांडू. देशी गुलाबी कमळ दांडगं असतं, ते काचेच्या वाडग्यात फुलत नाही. त्याला किमान २० इंच व्यासाचा, १४ इंच खोल टब लागतो. दोन फुटी मिळाला तर उत्तम. टब गोल हवा. कमळाचं मूळखोड चिखलातून आडवं धावतं, चौकोनी टबात ते कोपऱ्यात जाऊन अडकतं आणि टोक मोडून घेतं. टबाला भोक नको. भोक बुजवून विकलेली कुंडी घेऊ नये; बुजवलेलं भोक पहिल्या उन्हाळ्यात उघडतं, तेही नळ येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

अशा टबात ७ इंच माती आणि ५ इंच पाणी भरलं की भिजलेली माती साधारण ६० किलो आणि पाणी २५ लिटर, म्हणजे सगळं मिळून ८५ किलोंचा ऐवज होतो. गच्चीवर तो तुळईवर किंवा भिंतीच्या कडेला ठेवावा, आणि जागा भरण्याआधी ठरवावी. भरून झाल्यावर "जरा तिकडं सरकवू की ओ" म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं. त्याला एका बाजूनं धरायला सांगावं. सूचना लगेच मागं घेतली जाते.

मे महिन्यात उघड्या पाण्यातून दिवसाला साधारण एक सेंटिमीटर पाणी उडतं. या टबाच्या तोंडाला ते होतात २ लिटर, पानं पितात ते निराळं. चार दिवसांत आठ लिटर गेले की पाच इंचांचे साडेतीन इंच उरतात, आणि नेमक्या त्याच संध्याकाळी कूलरही कोरडा पडतो. घरात मतदान घेतलं तर कूलर निवडून येतो. तेव्हा मतदान घेऊ नये, एक झाकणाचं पिंप कमळाच्या नावानं आधीच भरून ठेवावं.

त्या पिंपात काय ओतायचं, यावर घरोघर संशोधन चालतं. तांदळाचं धुवण नको, ते आंबतं आणि वास मारतं. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राच्या नळीतून वाया जाणारं पाणी नको, त्यात क्षार दाटलेले असतात. कूलरच्या तळाचं तर नकोच. त्यातलं पाणी उडून गेलेलं असतं आणि क्षार मागे राहिलेले. बोअरचं चालतं, पण नुसतं त्याच्यावरच ठेवलं तर टबाच्या काठावर पांढरी किनार चढते. एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणी मात्र जवळजवळ क्षाराविना असतं. ज्यांच्याकडे एसी आहे त्यांनी बादली लावावी, ज्यांच्याकडे नाही त्यांनी एसीवाल्या शेजाऱ्याशी गोड बोलावं. नळाचं पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून मग घालावं, म्हणजे क्लोरीन निघून जातो.

आता रोप. रोपवाटिकेत "कमळ आहे का?" विचारलं की "आहे ना!" असं उत्तर येतं आणि हातात कुमुदिनी (वॉटर लिली) पडते. पानाला देठापर्यंत चीर असेल आणि ते पाण्यावर पसरलेलं असेल तर ती कुमुदिनी. कमळाचं पान अखंड गोल असतं, देठ मध्यभागी जोडलेला, आणि मोठी पानं पाण्याच्या वर उभी राहतात. पानावर पाणी टाकलं तर थेंब मोत्यासारखे पळतात. एवढं दाखवूनही विक्रेता म्हणतो, "मोठं झालं की होतंय कमळ." होत नाही. दोघांची कुळंच वेगळी आहेत. इंटरनेटवर निळ्या, जांभळ्या, सप्तरंगी कमळाचं बी मिळतं. ते घेणाऱ्यांशी वाद घालू नये. खरं कमळ गुलाबी, पांढरं किंवा त्यांच्या मधल्या छटांचं असतं, पिवळं मूळचं अमेरिकेतलं, निळं कुठलंच नाही.

बी हवं असेल तर पूजा साहित्याच्या दुकानात कमळगट्टा मिळतो. सुटा घ्यावा, माळेतल्या मण्याला भोक पाडलेलं असतं. कवच इतकं घट्ट की पाणी आत शिरत नाही. याच गुणावर चीनमधल्या एका जुन्या तळ्याच्या गाळात सुमारे १३०० वर्षं पडून राहिलेलं बी शास्त्रज्ञांनी रुजवून दाखवलं. त्यामुळे "गेल्या वर्षीचं आहे, जुनं नाही ना झालं?" ही काळजी सोडून द्यावी. बीच्या एका टोकाला बारीक चोच असते, दुसऱ्या टोकाला खळगी. बी पक्कडीत धरून खळगीची बाजू कानशीवर किंवा पॉलिश पेपरवर घासायची आणि काळं कवच जाऊन आतला पांढुरका गर दिसला की थांबायचं. अडकित्ता वापरू नये. सुपारी होते, कमळ होत नाही.

घासलेलं बी ग्लासात, कोमट पाण्यात, पाणी रोज बदलून. दिवसभरात ते फुगून दुप्पट होतं. जे तरंगत राहतं ते टाकून द्यावं. चार ते सात दिवसांत हिरवा कोंब निघतो, आणि तीन-चार पानं व मुळं फुटली की चिखलात हलकं खोचायचं. बीपासून फूल बहुधा दुसऱ्या वर्षी येतं आणि रंग आईसारखाच येईल याची हमी नसते. घाई असेल त्यानं कंद आणावा: दोन-तीन पेरं आणि शाबूत टोक असलेला. टोक मोडलं की कंद बहुतेक सडतो, म्हणून रिक्षातून आणताना मांडीवर घ्यावा, डिकीत टाकू नये.

सोलापूरची काळी माती कमळाला मानवते, पण तिच्यात चुनखडीचे खडे असतात. ते चाळून काढावेत, आणि दोन भाग काळ्या मातीत एक भाग पोयटा (नदीकाठचा गाळ) मिसळावा. चुना फार झाला तर पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ही लोहाची कमतरता. चिमूटभर हिराकस (फेरस सल्फेट) कागदाच्या पुडीत बांधून चिखलात खोल दाबावा. तळाशी दोन मुठी पूर्ण कुजलेलं शेणखत आणि मूठभर हाडांचा चुरा, वर माती. ताजं शेण घातलं तर पाणी बुडबुडे सोडतं आणि खालच्या मजल्यावरचे लोक ड्रेनेजची तक्रार करतात. कोकोपीट घालू नये, तो सगळा वर तरंगतो. कंद आडवा ठेवून टोक किंचित वर, उघडं. त्यावर वर्तमानपत्र पसरून त्याच्यावरच हळू पाणी ओतावं, नाहीतर आठवडाभर टबात चहा दिसतो. सुरुवातीला दोन-तीन इंच पाणी पुरे.

पारा ४२-४३ला गेला की उथळ टबातलं पाणी हाताला चटका देतं. पानं वर आलेली असतील तर पाण्याची पातळी वाढवावी आणि टबाला बाहेरून गोणपाट गुंडाळावं. जुनी सोलापुरी चादर सगळ्यात भारी. कमळालाच चादर पांघरलेली पाहून पाहुणे तब्येत विचारतात. पाण्यावर आणि पानांवर मात्र ऊन यायलाच हवं. हिरवी जाळी टाकून सावली केली तर पानं सुंदर येतात आणि फूल येत नाही.

मग दारात उभ्या राहतात डासांच्या अळ्या शोधत घरोघर फिरणाऱ्या डासवाल्या ताई. "हे पाणी किती दिवसांचं ओ?" खरं उत्तर "सात महिन्यांचं" असं असतं. ते देऊ नये. त्यांची बाजू बिनतोड आहे: अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि आपला टब फेब्रुवारीपासून भरलेला. आपली बाजू म्हणजे सहा-आठ गप्पी मासे. ते टबात हवेतच, आणि पाहणीच्या वेळी पृष्ठभागावर हवेत. ते नेमके पानाखाली जातात. तेव्हा चिमूटभर कणीक खिशात ठेवावी. मासे दिसले नाहीत तर ताई अबेट, म्हणजे अळ्या मारायचं औषध, टाकून जातात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही.

माशांमुळे खताला शिस्त लागते. पाण्याच्या वर पाच-सहा पानं उभी राहीपर्यंत खत नाही. त्यानंतर दर पंधरा-वीस दिवसांनी अर्धा चमचा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) कागदात गुंडाळून, खोडापासून लांब, बोटभर खोल चिखलात. पुडी वरच सुटली तर दोन दिवसांत पाणी हिरवं होतं आणि मासे उलटे. शेवाळ काडीला गुंडाळून काढावं. पानांची सावली पसरली की ते आपोआप हटतं. कळीवर मावा येतो, त्याला पाण्याची जोराची धार पुरे. साबण आणि तेल पानावर मारू नये, पानाचं मेणच जातं. पिवळं पान कापायचं तर पाण्याच्या वर कापावं. देठ आतून पोकळ असतो. पाण्याखाली कापला तर त्या नळीतून पाणी कंदापर्यंत उतरतं आणि कंद कुजू शकतो.

एवढं सगळं सांभाळल्यावर फूल येतं ते तीन-चार दिवसांचं. पहिल्या सकाळी अर्धवट उघडून दुपारी मिटतं, दुसऱ्या दिवशी पूर्ण उमलतं, सुगंधही तेव्हा असतो, तिसऱ्या दिवशी फिकं पडतं, चौथ्या दिवशी पाकळ्या गळतात. पाहुण्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत बोलवावं. ते तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचला येतात. कमळाचं फूल स्वतःची उष्णता तयार करतं आणि बाहेर १० अंश थंडी असली तरी ३० अंशांच्या वर राहू शकतं, असं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९६ साली दाखवलं. सोलापूरच्या मे महिन्यात या गुणाचा त्याला काडीचा उपयोग नाही.

फुलं एप्रिल ते सप्टेंबर जोरात. ऑक्टोबरात झाड आवरतं घेतं, आणि तेव्हाच लक्ष्मीपूजन येऊन ठेपतं. वर्षभर "काय तो चिखल पाळलाय" म्हणणारे सगळे त्या दुपारी एकेक फूल मागायला येतात. द्यायला पानं असतात.

थंडीत पानं वाळतात. टब मेला समजून ओतू नये. नुसता ओला ठेवावा, खत बंद. सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा उरकली की फेब्रुवारीत टब उपसायचा. एका कंदाचे दहा-बारा झालेले असतात, टबाच्या कडेनं गोल फिरून एकमेकांत अडकलेले. हातानंच सोडवावेत, खुरप्यानं नाही. दोन चांगले परत लावावेत, बाकीचे ओल्या कागदात गुंडाळून वाटावेत. घेणारा आधी विचारतो, "पाणी किती लागतंय?" दोन लिटर रोज म्हटलं की त्याला बाहेरगावी जायचं आठवतं. म्हणून टोक मोडलेले आणि कुणी न नेलेले कंद सोलून चकत्या कराव्यात. भोकांत चिखल असतो, तो नळाखाली धुवून काढावा. मग तेलावर परतून वर काळं तिखट आणि शेंगाचं कूट. टबात अबेट पडलेलं असेल तर मात्र भाजीचा बेत रद्द.